महाबळेश्वरचा ग्लास

आकडा सांगण्याआधी चाचा गुडघा टेकायचे.

सकाळी आठच्या ठोक्याला ते कचेरीमागच्या काटेरी कुंपणात शिरत. जमिनीत रोवलेल्या जस्ताच्या डब्यावरचं नरसाळं उचलत, आतली बाटली काढत, तिच्यात जमलेलं पावसाचं पाणी काचेच्या मापाच्या ग्लासात ओतत आणि तो ग्लास दगडी कट्ट्यावर ठेवत. मग उजवा गुडघा जमिनीला टेकून डोळा पाण्याच्या बरोबरीला आणत आणि श्वास धरून बघत. तुम्ही शेजारी उभे असतात तर तुम्हीही धरला असता. बऱ्याच वेळानं ते उठत, विजारीची माती झटकत आणि म्हणत, "आजच्या तारखेला तर एवढंच दिसतंय, मास्तर."

आता यात गंमत अशी की आमचं गाव माणदेशातलं. वर्षातले बहुतेक दिवस बाटली कोरडीच असायची. पण कोरड्या बाटलीसाठीही चाचा गुडघा टेकत. मी एकदा हसून म्हटलं, "चाचा, उभ्यानंच दिसतंय की काही नाही म्हणून." ते गंभीरपणे म्हणाले, "उभ्यानं 'न्हाई'च दिसतं मास्तर. वाकल्यावर कळतं खरंच न्हाई का."

मी तिथल्या पोस्टात तारमास्तर होतो. सातारा शहरातून नवीनच आलेला, सव्वीस वर्षांचा, आणि आपण कुठल्या कुठे येऊन पडलो म्हणून सदा वैतागलेला. चाचा मामलेदार कचेरीत कारकून होते. पन्नाशी उलटलेली, दाढी पांढरी, कानावर पेन्सील. त्यांचं नाव गावात कुणी घेत नसे. पावसाचा आकडा मोजायचं काम सुट्टीच्या दिवशीही करावं लागतं, म्हणून दुसरे कारकून ते टाळत, आणि चाचांनी ते वीस वर्षांपूर्वी आपण होऊन मागून घेतलं होतं. तेव्हापासून ते पाऊसचाचा.

मूळचे ते मिरजेचे. वडील तंबोरे करायचे. भोपळा वाळवण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं घरात. चाचांच्या हातात ती कला आली नाही, पण कान आला होता. मला ते सांगायचे, "गिऱ्हाईक इचारायचं, लागला का तंबोरा? वडील म्हनायचे, लागत आलाय. 'लागला' आसं त्यांनी जल्मात म्हटलं न्हाई. तार हाय ती. हवा बदलली की उतरती. मानूस दारातनं आत आला तरी उतरती." एवढं सांगून ते कुठंतरी बघत बसायचे. मला वाटायचं, त्यांना आत्ता ती तार ऐकू येतेय.

त्यांच्या आकड्याची तार रोज माझ्या खिडकीतून जायची. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. पावसाचा आकडासुद्धा गुप्त ठरला होता आणि सांकेतिक अंकांत पाठवावा लागे. आमच्याकडे पाऊस पडत नाही हे शत्रूला कळू नये, एवढी काळजी सरकार घेत होतं. आमच्या मेंढरांनाही ते ठाऊक होतं, ते सोडा. चाचा कागद माझ्यापुढे ठेवत आणि हळूच विचारत, "मास्तर, याच्या म्होरं 'बहुतेक' लिहिता येईल का?"

"चाचा, बहुतेकला आकडा नाही."

"न्हाई?"

"सगळं पुस्तक शोधलं. पाऊस, वारा, ढग, धुकं, सगळ्यांना आहे. बहुतेकला नाही."

ते मान हलवत. "चुकलंच म्हनायचं त्यांचं. सगळ्यात जास्त तेच लागतं."

कधी कधी नुसता शिडकावा व्हायचा. धूळ दबायचीही नाही, तिचा वास मात्र उठायचा, आणि मेंढरं माना वर करून उभी राहायची. अशा सकाळी बाटलीच्या तळाला ओल असे, पण ओतायला थेंब नसे. मग चाचा फार खूश असत. आकड्याच्या रकान्यात ते शून्य लिहीत नसत. सुंदर मोडीवळणी अक्षरात लिहीत, 'मोजता न येण्याजोगा'. कचेरीतले अव्वल कारकून चिडायचे. "पडला का नाही पडला, एक काय ते सांग ना."

"पडला सायेब. आपल्याकडं त्याचं माप न्हाई."

मला तो शब्द हळूहळू आवडायला लागला. मी शाळेत शास्त्र शिकलो होतो ते गणिताच्या पुस्तकासारखं. उत्तरं शेवटच्या पानावर छापलेली असतात आणि आपण फक्त तिथपर्यंत पोचायचं. ते पान कुणालाच मिळालेलं नाही, मोजणारा माणूस आणि मोजायची वस्तू यांच्यामध्ये नेहमी थोडी ओल राहून जाते, हे मला चाचांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, दुपारी टपाल बंद झालं की आम्ही गावाबाहेरच्या माळावर जायचो आणि बसायचो. खाली पिवळं गवत, वर ढग. ढगांच्या सावल्या टेकड्यांवरून उतरायच्या, माळ ओलांडायच्या आणि म्हसवडच्या दिशेनं निघून जायच्या. एकही थांबायची नाही. चाचा त्यांच्याकडे ओळखीच्या माणसांसारखे बघत.

"आठ इंच तोंड हाय आपल्या नरसाळ्याचं," ते म्हणत. "त्यात पडला त्यो पाऊस आपुन सगळ्या तालुक्याचा धरतो. त्या टेकाडापल्याड काय पडलं, कुनी बगितलंय?"

"मग मोजता कशाला?"

"न मोजून काईच कळत न्हाई. मोजून थोडं कळतं. आन थोडं कळलं म्हंजे किती कळलं न्हाई, त्येबी कळतं."

मी वैतागायचो. मला हो किंवा नाही असं ऐकायला आवडायचं, माझा धंदाच तो. पण त्या माळावर वैताग टिकत नसे. सावली अंगावरून जायची, जरा गार वाटायचं, आणि आपल्याला काही कळत नाही यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं वाटू लागायचं. आज इतक्या वर्षांनीही कुणी फार ठासून बोलू लागलं की मला तो माळ आठवतो.

आता जे सांगतोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो ग्लास माझ्या हातून फुटला.

मे महिना होता. पाण्याची कड काचेवर जरा वर चढते आणि मधला भाग खाली असतो, आकडा त्या मधल्या भागाचा धरायचा, हे चाचा मला दाखवत होते. माठातलं पाणी त्यांनी ग्लासात ओतलं होतं. मी गुडघा टेकला. बघितलं. मग मला शहाणपण सुचलं की उजेडात धरून जास्त नीट दिसेल. मी ग्लास उचलला आणि तो माझ्या ओल्या बोटांतून सुटून कट्ट्यावर आदळला.

चाचांनी आधी माझा हात हातात घेऊन बघितला. "लागलं न्हाई न्हवं?" मग ते काचा वेचू लागले. शेवटचा तुकडाही त्यांनी कागदात गुंडाळला. कचेरीत जाऊन त्यांनी सांगितलं, "माज्या हातनं फुटला." मी दारात उभा होतो. मला वाटलं, आपण बोलावं. तेवढ्यात अव्वल कारकुनांनी त्यांना झापायला सुरुवात केली, आणि मग बोलायची वेळ निघून गेली, अशी मी माझी समजूत घातली.

लढाईमुळे नवा ग्लास मागवला असता तर यायला वर्ष लागलं असतं. जून तोंडावर आला होता, आणि एकही दिवस मोजल्यावाचून जाणं चाचांना सोसवलं नसतं. त्यांचा एक मावसभाऊ महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. साहेब लढाईवर गेला होता आणि त्याचं हौसेनं बसवलेलं पाऊस मोजायचं यंत्र हिरवळीवर गंजत पडलं होतं. चाचा रजा टाकून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. ग्लास मफलरमध्ये गुंडाळून, तो मफलर पोटाशी धरून सगळा प्रवास केला होता.

"भाऊ हसत व्हता," ते म्हणाले. "म्हनला, हितं पाऊस मोजायला काच कशाला लागती, छपराखाली बसलं तरी कळतंय." मग ग्लास उन्हात धरून म्हणाले, "ह्याला महाबळेश्वरच्या पावसाची सवय हाय मास्तर. आमच्याकडं उपाशी ऱ्हातंय गरीब."

आम्ही दोघंही हसलो. कचेरीतही कुणी काही विचारलं नाही. ग्लास आहे ना, झालं तर.

त्या वर्षी पाऊस आला आणि गेला. बाजरी गुडघ्यापर्यंत आली आणि तिथंच पिवळी पडली. पण चाचांच्या वहीत आकडे बरे होते. फार नाही, पण बरे. मीच ते रोज पाठवत होतो. नवा ग्लास पूर्वीपेक्षा जास्त वेळा भरावा लागतो, हे चाचांच्या ध्यानात आलं होतं. ग्लास लहान आहे म्हणून, असं ते म्हणाले. पुढे त्यांना या एका वाक्याची सगळ्यात जास्त लाज वाटायची.

सुबाना धनगर म्हणून एक म्हातारा होता. चाचांचा जुना दोस्त. बाजाराला आला की कुंपणाबाहेर उकिडवा बसायचा आणि आत चाललेलं बघायचा. श्रावण संपता संपता तो एकदा म्हणाला, "चाचा, तुज्या बाटलीत पानी पडतंय, मग माज्या रानात का पडंना?"

"टेकाडापल्याड कमी पडला आसंल, आप्पा."

"आरं, गवात मेंढराच्या खुराएवढं न्हाई."

"कुटं पडतो, कुटं न्हाई पडत. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

हे मला फार नंतर उमगलं. ज्या माणसाला शंकेची सवय असते त्याला उत्तरंही शंकेतूनच मिळतात, आणि ती खरी वाटतात. आपल्याला सगळं कळत नाही, हे चाचांचं आयुष्यभराचं म्हणणं. त्या वर्षी त्याच म्हणण्याच्या आड ते नकळत बसून राहिले. जगातल्या सगळ्या गोष्टींकडे वाकून बघणाऱ्या त्या माणसानं एका गोष्टीकडे वाकून बघितलंच नाही, आणि ती त्यांच्या हातातच होती.

भाद्रपदात प्रांतसाहेबांचा मुक्काम पडला. गावोगावची माणसं येऊन कचेरीच्या अंगणात बसली. रस्त्याचं काम काढा, जनावरांना चारा द्या, एवढंच मागणं. साहेबांनी पावसाची वही मागवली. चाचांनी ती नेऊन दिली. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, पाऊस नेहमीच्या जवळपास आहे, कागदावर दुष्काळ दिसत नाही. माणसं उठून गेली. चाचा वही छातीशी धरून उभे होते. त्या संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी चहाला हात लावला नाही.

मग आश्विनात, परतीच्या पावसाची एक जोरदार सर संध्याकाळी येऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांबरोबर मीही गेलो. सुबाना कुंपणाच्या खांबापाशी आधीच येऊन बसला होता. त्याची मेंढरं शेजारच्या वावरात खतासाठी बसवलेली होती. त्याच्यापुढे धान्य मापायची लोखंडी पायली होती, सरळ उभ्या भिंतीची, आणि तिच्यात पाणी होतं.

"काल पाऊस यायच्या आदी ठिवली," तो म्हणाला. "हितंच, तुज्या खांबाजवळ. आदी तुजं मोज."

चाचांनी बाटली काढली. ग्लास पुन्हा पुन्हा भरला, रिकामा केला, गुडघा टेकला, बेरीज केली. सव्वादोन इंच आणि वर थोडं.

सुबानानं मधलं बोट पायलीत उभं बुडवलं. बोटाचं एक पेर भिजलं. त्यानं ते बोट चाचांसमोर धरलं.

"आता म्हन, टेकाडापल्याड कमी पडला."

चाचा हसले नाहीत. त्यांनी कचेरीतून लाकडी पट्टी आणली आणि पायलीत उभी केली. इंचाला थोडं कमी. सरळ भिंतीच्या भांड्याचं तोंड लहान असो की मोठं, त्यात पाणी तेवढंच उंच चढतं, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी पट्टी नरसाळ्याच्या तोंडावर आडवी धरली. आठ इंच. मग ग्लास उलटा केला. बुडाला वर्षानुवर्षांचा काळा थर होता. तो त्यांनी आधी अंगठ्यानं, मग सदऱ्याच्या टोकानं घासला. काचेत कोरलेली बारीक अक्षरं दिसू लागली. हा ग्लास पाच इंच तोंडाच्या नरसाळ्यासाठी आहे, असं त्यात लिहिलं होतं.

तुम्हाला हे पटकन लक्षात येणार नाही, मलाही आलं नव्हतं. प्रत्येक ग्लासावरच्या खुणा त्याच्या त्याच्या नरसाळ्यापुरत्या असतात. मोठ्या तोंडात पाणी जास्त जमतं, म्हणून त्याच्या ग्लासावर एक इंच पाऊस म्हणजे बरंच पाणी. साहेबाच्या लहान नरसाळ्याच्या ग्लासावर तेवढाच पाऊस म्हणजे थोडंसं पाणी. आमच्या मोठ्या तोंडाचं पाणी या लहानाच्या ग्लासात ओतलं की पाऊस अडीच पट दिसणार. सबंध पावसाळा तो अडीच पट दिसला होता.

चाचा खाली बसले. गुडघा टेकून नाही, चक्क मांडी घालून चिखलात बसले.

"सगळ्याचा संशय घेतला मास्तर," ते म्हणाले. "ह्याचा न्हाई घेतला."

त्या दिवशी दुपारी ते माझ्या खिडकीशी आले. हातात वही होती. जूनपासूनचा प्रत्येक आकडा पेन्सिलीनं पुन्हा काढलेला होता. मी दार लावून घेतलं आणि त्यांना आत बसवलं. मी काय बोललो ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "चाचा, पेन्शनीला दोन वर्षं उरलीत. आता पाऊस संपला. ग्लासाला तडा गेला म्हणून कळवा, नवा येईल, पुढच्या वर्षापासून सगळं बरोबर होईल. कुणाला कळणार आहे?"

"ग्लास बराबर हाय," ते म्हणाले. "तडा न्हाई गेला. चुकीच्या तोंडाला मी लावलाय."

"अहो, पण तुमची नोकरी?"

त्यांनी वही टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, मला न्हाई कळत ह्ये मी आयुष्यभर म्हनत आलो. लोकांनी हसून ऐकलं. त्याला काय लागतं? आता कळलंय. आता जर न्हाई बोललो तर त्यो सगळा खोटा नखरा व्हता म्हनायचा."

त्यांनी कागद पुढे केला. प्रांतसाहेबांच्या नावे तार. पावसाचे आकडे चुकीचे. खरा पाऊस निम्म्याहूनही कमी. चूक माझी. पत्र मागाहून. मी तो कागद दोनदा वाचला. त्यात बहुतेक हा शब्द कुठेच नव्हता. मी तारयंत्राच्या किल्लीवर हात ठेवला. तार गेली.

एवढ्यावर ते थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी चाचा चावडीच्या ओट्यावर चढले. त्यांना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. "माज्या चुकीनं पाऊस जास्त लिवला गेला," ते म्हणाले. "म्हनून काम निगालं न्हाई. सायबांना कळवलंय. तुमी मला काय बोलायचं त्ये बोला."

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग एक बाई पुढे आली. तिच्या डोक्यावर पाटी होती, तीही तिनं उतरवली नाही. "माजी म्हस गेल्या बाजारी इकली मी चाऱ्यापायी. आता सांगतोयस व्हय?" चाचा म्हणाले, "व्हय." आणखी दोघं-तिघं बोलले, वाईट बोलले. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटलं, त्यांना हात धरून खाली उतरवावं. मी जागचा हललो नाही. शेवटी सुबाना गर्दीतून आला. निंबाखाली त्यानं आपली घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "ये, बस हितं." चाचा जाऊन बसले. म्हातारा त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही, पण बाजार उठेपर्यंत तिथून उठलाही नाही.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. प्रांतसाहेब आले, वही, पट्टी, ग्लास, सगळं टेबलावर मांडलं गेलं. तारांच्या नकला घेऊन मला बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, "आधीचा ग्लास कुणी फोडला?"

"माज्या हातनं सुटला सायेब," चाचा म्हणाले.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. मी बोललो नाही.

रस्त्याचं काम निघालं. चाऱ्याच्या गाड्या आल्या. उशिरा आल्या, पण आल्या. खडी फोडायचा आवाज पोस्टापर्यंत ऐकू यायचा. चाचांना मात्र सरकारी नोंदीत निष्काळजीपणा केला म्हणून कामावरून काढलं.

ते गेले त्या सकाळी मी त्यांची ट्रंक मोटारीच्या टपावर चढवून दिली. साताऱ्याला उतरून ते पुढे मिरजेला जाणार होते. ड्रायव्हर हॅंडल मारत होता, इंजिन काही धरत नव्हतं. मी म्हटलं, "चाचा, तो पहिला ग्लास मी..."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फुटला त्यो बराबर व्हता मास्तर. त्यानं कुनाचं वाईट केलं न्हाई. चुकीचा आनला त्यो मी." मग इंजिन सुरू झालं आणि त्यांना आणखी काही म्हणायचं होतं का, ते मला ऐकू आलं नाही.

त्यांनी मला माफ केलं होतं, हे उघड आहे. मला त्याचा उपयोग झाला नाही. माफी मागण्याआधीच मिळाली की ती आपली होत नाही, कुणाचं तरी पत्र आपल्या पत्त्यावर आलं असावं तशी हातात राहते. मी मिरजेला जाईन, नीट बोलेन, असं पुष्कळदा ठरवलं. दोन वर्षांनी तिकडचा एक माणूस पोस्टात आला होता, त्यानं सहज सांगितलं की चाचा वारले. मी त्याला विचारलं, शेवटी काय करत होते? तो म्हणाला, काही नाही, अंगणात खाटेवर पडून आभाळाकडे बघायचे.

पण ते नंतरचं. चाचा गेल्यावरच्या पहिल्या पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. साताऱ्याहून नवा कारकून आला होता. हुशार पोरगा, इस्त्रीचा सदरा. नवा ग्लासही आला होता, त्याच्या बुडाला काय कोरलंय ते मी स्वतः वाचून घेतलं होतं. जुलैतल्या एका सकाळी बरी सर पडून गेली होती. मी तारेचा कागद न्यायला कुंपणापाशी उभा होतो. माळावरून ढगाची सावली येत होती. सुबाना नेहमीच्या जागी उकिडवा बसला होता. नव्या कारकुनानं पाणी ओतलं, जरासं वाकून बघितलं आणि आकडा सांगायला तोंड उघडलं.

"जरा थांब, बाबा," सुबाना म्हणाला. "आदी येक सांग. तुजं चुकलं, तर बाजारात यिऊन सांगशील का?"

पोरगा हसला. "चुकायचा प्रश्नच नाही, आप्पा. ग्लास नवा आहे."

सुबानानं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघू लागलो.

"मग ऱ्हाऊ दे," म्हातारा म्हणाला, आणि काठीवर भार देत उठून, आकडा न ऐकताच मेंढरांकडे चालू लागला.